पॅच लागत का नाही? गिट, सबव्हर्जन, मर्क्युरिअल आणि प्रत्येकाचं वेगळं शुद्धिपत्र

कुणीतरी एक छोटी फाइल पाठवतं आणि सांगतं, "हा पॅच लाव, बग जाईल." फाइल उघडून पाहिली तर सगळं समजण्यासारखं असतं. वजा चिन्हाच्या ओळी काढायच्या, अधिक चिन्हाच्या घालायच्या. पण आज्ञा दिली की उत्तर येतं, फाइल सापडत नाही. दुसरं साधन वापरून पाहावं तर ते पॅच खराब आहे म्हणतं. तिसरं साधन काहीही न बोलता पॅच लावतं आणि आठवड्याने लक्षात येतं की त्यातलं एक चित्र आलेलंच नाही.

अशा वेळी दोष बहुधा कोडमध्ये नसतो. पॅच लिहिणाऱ्या साधनाची रीत एक असते, वाचणाऱ्याची दुसरी. ही रीत एकदा नीट समजून घेतली तर तासन्‌तास चालणारी झटापट पाच मिनिटांत मिटते, म्हणून ती मुळापासून पाहू. गिट, सबव्हर्जन, मर्क्युरिअल, सीव्हीएस आणि परफोर्स ही कोडच्या आवृत्त्यांचा इतिहास सांभाळणारी साधनं. सबव्हर्जनची आज्ञा एसव्हीएन, मर्क्युरिअलची एचजी आणि परफोर्सची पी४. इतिहासासकट ठेवलेल्या प्रकल्पाला रेपो म्हणतात आणि त्यात नोंदवलेल्या प्रत्येक बदलाला कमिट. आज्ञा आणि त्यांचे पर्याय इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. टर्मिनलवर ते अर्थातच रोमन अक्षरांत टाकायचे.

पॅच म्हणजे शुद्धिपत्र

जुन्या मराठी पुस्तकांच्या शेवटी शुद्धिपत्र असायचं. पृष्ठ, ओळ, अशुद्ध, शुद्ध असे चार रकाने. चार चुकांसाठी अख्खं पुस्तक पुन्हा छापण्यापेक्षा एक पान जोडणं सोपं. पॅच फाइल हेच काम करते. दोन आवृत्त्यांची तुलना करून शुद्धिपत्र तयार करणारी आज्ञा म्हणजे डिफ. ती बेल लॅब्जमध्ये डग मॅकिलरॉय यांनी लिहिली आणि १९७४ मध्ये युनिक्सच्या पाचव्या आवृत्तीसोबत बाहेर पडली. शुद्धिपत्र वाचून मूळ फाइलमध्ये दुरुस्त्या करणारी पॅच ही आज्ञा लॅरी वॉल यांनी १९८५ मध्ये आणली. आज त्या फाइललाही आपण पॅचच म्हणतो.

डिफचं सगळ्यात जुनं रूप फक्त ओळ क्रमांक सांगायचं: अमुक ओळ बदला, तमुक ओळ काढा. पुस्तकाची आवृत्ती तीच असेल तोवर हे चालतं. मधल्या काळात कुणी प्रस्तावनेत दोन पानं वाढवली की पुढचे सगळे क्रमांक घसरतात. यावर उपाय म्हणून बदललेल्या ओळीसोबत तिच्या शेजारच्या ओळीही द्यायला सुरुवात झाली. 'अमुक वाक्याच्या नंतर आणि तमुक वाक्याच्या आधी' असं सांगितलं की पान हललं तरी जागा सापडते. या शेजारच्या ओळींना संदर्भ म्हणू. १९९० मध्ये वेन डेव्हिसन यांनी याचं आटोपशीर रूप बनवलं आणि पुढे तेच सर्वमान्य झालं. त्याला युनिफाइड डिफ म्हणतात. तो असा दिसतो:

--- ए/वेळा
+++ बी/वेळा
@@ -१,६ +१,७ @@
 एसटीच्या वेळा
 सकाळी ६.००
 सकाळी ७.१०
-दुपारी १२.३०
+दुपारी १२.४५
+दुपारी २.००
 संध्याकाळी ५.१५
 रात्री ८.४०

पहिल्या दोन ओळींत जुन्या आणि नव्या फाइलचं नाव आहे. दोन दोन ॲट चिन्हांमधला मजकूर सांगतो की जुन्या फाइलच्या १ल्या ओळीपासून ६ ओळी आणि नव्या फाइलच्या १ल्या ओळीपासून ७ ओळी पुढे दाखवल्या आहेत. त्याखालच्या तुकड्याला हंक म्हणतात. हंकमधल्या प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर हे चिन्ह असतं: वजा, अधिक किंवा रिकामी जागा. रिकामी जागा म्हणजे संदर्भाची ओळ. डिफ सहसा बदलाच्या आधी तीन आणि नंतर तीन अशा ओळी देतो. इथे फाइलच संपल्यामुळे खाली दोनच आहेत.

आकडे मोजून पाहा. वजाची १ आणि संदर्भाच्या ५ मिळून ६. अधिकच्या २ आणि संदर्भाच्या ५ मिळून ७. हे गणित जुळलंच पाहिजे. पॅचमध्ये हाताने एखादी ओळ वाढवली आणि वरचा आकडा तसाच राहिला, तर वाचणारं साधन पॅच करप्ट किंवा मालफॉर्म्ड आहे म्हणून थांबतं. हाताने केलेल्या फेरफारांत सगळ्यात जास्त होणारी चूक हीच.

धड एकच, डोकं वेगळं

युनिफाइड हंक सगळीकडे सारखाच असतो. गिट, सबव्हर्जन आणि मर्क्युरिअल तो एकसारखा लिहितात. सीव्हीएस आणि परफोर्स यांच्याकडून तो मागून घ्यावा लागतो. वाद असतो तो हंकच्या वरच्या भागाचा, म्हणजे हेडरचा. म्हणून अनोळखी पॅच आला की आधी वरच्या दहा ओळी वाचाव्यात. तो कोणत्या घरातून आला ते तिथे लगेच कळतं.

गिटचा पॅच 'डिफ --गिट' या शब्दांनी सुरू होतो. पुढे फाइलचं नाव दोनदा येतं, एकदा 'ए/' लावून आणि एकदा 'बी/' लावून. त्याखाली 'इंडेक्स' अशी ओळ असते. तिच्यात दोन आकडे-अक्षरी ओळखक्रमांक असतात, एक जुन्या मजकुराचा आणि एक नव्या मजकुराचा. ही ओळ निरुपयोगी वाटते, पण पुढे तीच कामाला येते.

सबव्हर्जनचा पॅच 'इंडेक्स:' असं लिहून फाइलच्या नावाने सुरू होतो. शब्द तोच असला तरी गिटच्या इंडेक्सशी याचा काही संबंध नाही. खाली बरोबरच्या चिन्हांची लांब रेघ, मग फाइलचं नाव आणि कंसात 'रिव्हिजन अमुक' किंवा 'वर्किंग कॉपी'. नाव आणि कंस यांच्यामध्ये टॅब असतो. वाटेत कुठे त्या टॅबची जागा साध्या स्पेसने घेतली, तर वाचणारं साधन कंसासकट सगळ्यालाच फाइलचं नाव समजू शकतं.

मर्क्युरिअलचा नेहमीचा डिफ 'डिफ -आर' आणि त्यापुढे आवृत्तीचा क्रमांक असा असतो. 'एचजी एक्स्पोर्ट' वापरलं असेल तर पहिली ओळ 'हॅश एचजी चेंजसेट पॅच' ही येते आणि खाली लेखक, तारीख, नोड क्रमांक. सीव्हीएसच्या पॅचमध्ये 'इंडेक्स:' खाली 'आरसीएस फाइल' आणि 'रिट्रीव्हिंग रिव्हिजन' या ओळी दिसतात. शिवाय सीव्हीएस स्वतःहून जुनं, संदर्भ नसलेलं रूप देतं. युनिफाइड हवं असेल तर '-यू' सांगावं लागतं आणि नव्या फाइली हव्या असतील तर '-एन' हा मोठ्या लिपीतला पर्यायही. परफोर्समध्ये 'पी४ डिफ -डीयू' म्हटल्यावर युनिफाइड मिळतं, पण फाइलचा पत्ता डेपोचा, म्हणजे परफोर्सच्या मुख्य साठ्याचा, किंवा आपल्या यंत्रावरचा पूर्ण मार्ग असतो आणि तो दुसऱ्याच्या यंत्रावर जसाच्या तसा चालत नाही.

पी-शून्य की पी-एक

'फाइल सापडत नाही' या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं. गिट आणि मर्क्युरिअल नावाआधी 'ए/' आणि 'बी/' लावतात. अशी फोल्डरं प्रत्यक्षात नसतात. जुनी बाजू आणि नवी बाजू ओळखू यावी एवढाच त्यांचा उपयोग. सबव्हर्जन आणि सीव्हीएस असं काही लावत नाहीत.

पॅच लावताना पत्त्याच्या डावीकडचे किती भाग सोडून द्यायचे ते '-पी' हा पर्याय सांगतो. '-पी१' म्हणजे पहिल्या तिरक्या रेघेपर्यंतचा एक भाग सोडा. 'ए/सोर्स/मुख्य.सी' यातून 'सोर्स/मुख्य.सी' उरतं. '-पी०' म्हणजे पत्ता आहे तसा घ्या. पत्रावर मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा सगळं लिहिलेलं असतं, पण गावातल्या पोस्टमनला फक्त घराचं नाव लागतं. वरचे किती शब्द गाळायचे ते कोण कुठे उभा आहे त्यावर ठरतं. तसंच हे.

गिट अप्लाय आणि एचजी इम्पोर्ट दोन्ही '-पी१' गृहीत धरतात. सबव्हर्जनचा पॅच गिटमध्ये लावायचा तर 'गिट अप्लाय -पी०'. मर्क्युरिअलमध्ये 'एचजी इम्पोर्ट -पी ० --नो-कमिट'. उलट दिशेने गिटचा पॅच सबव्हर्जनमध्ये न्यायचा तर 'एसव्हीएन पॅच', आणि 'ए/' 'बी/' आड आले तर '--स्ट्रिप १'. ही एसव्हीएन पॅच आज्ञा १.७ या आवृत्तीत, म्हणजे २०११ मध्ये आली. त्याआधीच्या सबव्हर्जनवर साधी पॅच आज्ञा चालवून नव्या फाइली 'एसव्हीएन ॲड'ने हाताने घालाव्या लागतात.

युनिक्सची पॅच आज्ञा मात्र वेगळी वागते. '-पी' दिलाच नाही तर ती सगळी फोल्डरं सोडून फक्त फाइलचं शेवटचं नाव घ्यायला बघते. एकाच नावाच्या फाइली अनेक फोल्डरांत असतील, जशी प्रत्येक फोल्डरात एक मेकफाइल, तर हे धोक्याचं आहे. '-पी' नेहमी स्वतः लिहावा.

आणखी दोन गोष्टी इथेच घोळ घालतात. काही जण वाचायला सोपं जावं म्हणून गिटमध्ये 'डिफ.नोप्रीफिक्स' ही सेटिंग चालू ठेवतात. मग त्यांचा पॅच गिटचा असूनही त्यात 'ए/' 'बी/' नसतात आणि घेणाऱ्याच्या '-पी१'ने खऱ्या फोल्डरचं नाव उडतं. दुसरी गोष्ट जास्त फसवी आहे. गिट अप्लाय उपफोल्डरात उभं राहून चालवलं तर त्या फोल्डरबाहेरच्या फाइलींचे बदल ते गाळतं आणि चूक म्हणून काहीच सांगत नाही. आज्ञा यशस्वी झाल्यासारखी दिसते, फाइल मात्र जशीच्या तशी. '-व्ही' लावलं तर 'स्किप्ड पॅच' असं दिसतं. म्हणून रेपोच्या मुळाशी जाऊनच आज्ञा द्यावी.

हेडरमध्ये जे लिहिलं नाही ते गेलंच

पत्ता चुकला तर निदान तक्रार येते. माहितीच हरवली तर तक्रारही येत नाही, म्हणून हा भाग सगळ्यात महत्त्वाचा.

साधा युनिफाइड डिफ फक्त ओळींबद्दल बोलतो. फाइलचं नाव बदललं, ती चालवण्याजोगी केली, नवी रिकामी फाइल घातली, चित्र बदललं, यातलं काहीच ओळींच्या भाषेत नीट सांगता येत नाही. गिटने यासाठी हेडरमध्ये जादा ओळी आणल्या: 'रिनेम फ्रॉम', 'रिनेम टू', 'न्यू फाइल मोड', 'ओल्ड मोड', 'न्यू मोड', किती टक्के साम्य आहे ते. चित्रांसारख्या बायनरी फाइलींसाठी 'गिट बायनरी पॅच' नावाचा अक्षरांत बदललेला ठोकळा असतो.

मर्क्युरिअलच्या नेहमीच्या डिफमध्ये नामांतर, परवानग्या, बायनरी बदल आणि रिकाम्या फाइली येत नाहीत. त्यासाठी 'एचजी डिफ --गिट' म्हणावं लागतं, किंवा सेटिंगच्या फाइलमध्ये डिफ या विभागाखाली 'गिट = ट्रू' कायमचं लिहून ठेवावं. दुसरा मार्ग उत्तम. सबव्हर्जनही १.७ पासून 'एसव्हीएन डिफ --गिट' देतं. साध्या एसव्हीएन डिफमध्ये बायनरी फाइलच्या जागी ती दाखवता येत नाही अशी एक ओळ असते, बाकी काही नाही. सबव्हर्जनमध्ये आणखी एक खाच आहे. 'एसव्हीएन कॉपी' करून बनवलेल्या फाइलचा डिफ मूळ फाइलशी तुलना करूनच दाखवला जातो. तो पॅच दुसरीकडे लावला तर पूर्ण मजकूर त्यात नसतोच. 'एसव्हीएन डिफ --शो-कॉपीज-ॲज-ॲड्स' वापरलं की पूर्ण फाइल पॅचमध्ये येते.

गिटवालेही इथे निर्धास्त राहू नयेत. साधं 'गिट डिफ' बायनरी फाइलसाठी 'या दोन फाइली वेगळ्या आहेत' एवढंच लिहितं. '--बायनरी' सांगितलं तरच मजकूर येतो. 'गिट फॉरमॅट-पॅच' तो आपणहून घेतं.

घेणाऱ्याच्या बाजूला जीएनयू पॅच, म्हणजे लिनक्सवर सहसा असते ती पॅच आज्ञा, २.७ पासून, म्हणजे २०१२ पासून, गिटची नामांतरं आणि परवानग्या समजतं, पण बायनरी ठोकळे समजत नाही आणि ते वगळतं. त्यामुळे चित्रं, फॉन्ट, साउंड असलेला पॅच पॅच आज्ञेने लावू नये. तिथे गिट अप्लायच हवं, आणि ते गिटच्या रेपोबाहेरच्या साध्या फोल्डरातही चालतं.

यावरून एक नियम निघतो आणि तो आग्रहाने सांगावासा वाटतो: गिट, मर्क्युरिअल, सबव्हर्जन, यांपैकी साधन कोणतंही असो, पॅच बनवताना गिटच्या रूपातच बनवा. घेणाऱ्याने कितीही कौशल्य दाखवलं तरी जे पाठवलंच नाही ते त्याला परत आणता येत नाही.

बदल कुणी केला, कधी, कशासाठी

सातबारा उताऱ्यावर जमिनीची आजची स्थिती असते. ती तशी का झाली, म्हणजे खरेदी, वारस की वाटणी, हे फेरफार नोंदीत, गाव नमुना ६ मध्ये सापडतं. नुसता डिफ हा कारण न लिहिलेला फेरफार आहे. बदल कळतो, करणारा आणि हेतू कळत नाही.

'गिट फॉरमॅट-पॅच' प्रत्येक कमिटची ईमेलसारखी एक फाइल बनवतं. त्यात लेखक, तारीख, विषय आणि संदेश असतात, आणि 'गिट एएम' ती लावून त्याच लेखकाच्या नावाने कमिट करतं. अशा फाइलच्या अगदी पहिल्या ओळीत १७ सप्टेंबर २००१ ही तारीख पाहून अनेक जण गोंधळतात, कारण गिटचा जन्मच २००५ चा. ती तारीख कायम तीच असते. ही फाइल फॉरमॅट-पॅचने बनवली आहे हे इतर साधनांना ओळखू यावं म्हणून ठेवलेली ती खूण आहे. खरी तारीख तिच्याखाली 'डेट' या ओळीत असते.

मर्क्युरिअलच्या एक्स्पोर्टमध्ये तारीख १९७० पासूनच्या सेकंदांत लिहितात आणि पुढे वेळेचा फरकही सेकंदांतच, पण चिन्ह उलटं. भारतात केलेल्या कमिटसमोर -१९८०० दिसेल. साडेपाच तास गुणिले ३६०० म्हणजे १९८००. गिट तोच फरक +०५३० असा लिहितं. हाताने रूपांतर करताना हे उणे चिन्ह जसंच्या तसं ठेवलं तर वेळ तब्बल अकरा तासांनी सरकते. त्यापेक्षा 'गिट एएम --पॅच-फॉरमॅट=एचजी' वापरावं, ते हे स्वतः सांभाळतं.

कमिटच्या संदेशाबद्दल एक सावधगिरी. संदेशात नुसत्या तीन डॅशची ओळ असेल, किंवा एखादी ओळ 'डिफ -' अथवा 'इंडेक्स:' ने सुरू होत असेल, तर गिट एएम तिथे संदेश संपला असं धरतं. संदेशात डिफचा नमुना द्यायचाच असेल तर ओळीच्या सुरुवातीला जागा सोडून द्यावा.

डोळ्यांना ओळ तीच, यंत्राला वेगळी

पत्ता बरोबर, मजकूर बरोबर, तरी हंक लागत नाही. मग बाइट, म्हणजे फाइलमध्ये प्रत्यक्ष साठवलेले आकडे, पाहायचे. साधन ओळीचा अर्थ पाहत नाही. ते एकेक बाइट जुळवतं.

विंडोजवर ओळ सीआर आणि एलएफ या दोन अदृश्य खुणांनी संपते, लिनक्सवर एकट्या एलएफने. पॅच एका प्रकारचा आणि फाइल दुसऱ्या प्रकारची असेल तर एकही संदर्भ ओळ जुळत नाही. जीएनयू पॅच अनेकदा जादा सीआर काढून तसं सांगतं. गिट अप्लायला '--इग्नोर-व्हाइटस्पेस' द्यावं, किंवा पॅच फाइलच 'डॉसटूयुनिक्स' या सीआर पुसणाऱ्या आज्ञेतून फिरवून घ्यावी. मात्र ज्या फाइलीत सीआर हवेच आहेत तिच्या पॅचवर डॉसटूयुनिक्स चालवलं तर पॅच बिघडतो. 'गिट एएम' आपणहून सीआर काढतं. ते राखायचे असतील तर '--कीप-सीआर'.

विंडोज पॉवरशेलच्या ५.१ आवृत्तीत 'गिट डिफ'चं उत्तर बाणाने फाइलमध्ये वळवलं तर ती फाइल यूटीएफ-८ या नेहमीच्या पद्धतीऐवजी यूटीएफ-१६ या अक्षरं साठवण्याच्या वेगळ्या पद्धतीत लिहिली जाते. एडिटरमध्ये ती अगदी व्यवस्थित दिसते, आणि गिट म्हणतं की यात पॅचच नाही. 'गिट डिफ --आउटपुट=' असं लिहून फाइलचं नाव दिलं की गिट ती स्वतः लिहितं आणि प्रश्नच येत नाही. आलेली फाइल 'आयकॉन्व्ह'ने यूटीएफ-८ मध्ये बदलता येते.

चॅट किंवा ईमेलच्या मजकुरात चिकटवलेला पॅच तर जवळजवळ नक्की मोडतो. टॅबच्या स्पेस होतात, लांब ओळी मधेच तुटतात. पॅच नेहमी जोडफाइल म्हणून पाठवावा.

आता एक खास आपली अडचण. मराठी मजकूर असलेल्या फाइलींमध्ये, म्हणजे ॲपच्या भाषांतराच्या फाइलींत, 'दुसऱ्या' हा शब्द किमान तीन प्रकारे साठवला जाऊ शकतो. ऱ हे एकच अक्षर म्हणून, ज्याचे यूटीएफ-८ बाइट ई० ए४ बी१ असे आहेत. किंवा र आणि त्याखाली नुक्ता, म्हणजे ई० ए४ बी० आणि ई० ए४ बीसी. किंवा र, हलन्त आणि मग शून्य रुंदीचा जोडक. पडद्यावर तिन्ही बहुधा सारखेच दिसतात. एका कीबोर्डने लिहिलेली ओळ आणि दुसऱ्याने लिहिलेली ओळ यांच्यात डोळ्यांना काही फरक दिसत नाही आणि हंक नाकारला जातो. अशा वेळी दोन्ही ओळी 'एक्सएक्सडी'तून काढून बाइट शेजारी ठेवून पाहाव्यात. भाषांतराच्या प्रकल्पात सगळ्यांनी एकच पद्धत ठरवणं हाच इलाज. युनिकोडचं एनएफसी रूप वापरलं तर निदान पहिले दोन प्रकार एक होतात. जोडकाचा प्रकार मात्र उरतोच, तो शोधून बदलावा लागतो.

फाइलचं नावच देवनागरीत असेल तर गिट ते अवतरणात आणि आकड्यांत लिहितं. म च्या जागी उलट्या तिरक्या रेघांसह ३४०, २४४, २५६ असे तीन आकडे दिसतात. फाइल खराब झालेली नाही, हे तेच बाइट अष्टमान पद्धतीत आहेत. 'कोअर.कोटपाथ' ही सेटिंग 'फॉल्स' केली की नावं वाचता येतात.

"पॅच आज्ञा लावून टाकते, मग गिट अप्लाय कशाला?"

हा आक्षेप नेहमी ऐकू येतो आणि त्यात तथ्य आहे. पॅच आज्ञा खरंच जास्त लवचीक आहे. संदर्भ पूर्ण जुळला नाही तर ती बाहेरच्या संदर्भ ओळी सोडून पुन्हा प्रयत्न करते. या ढिलाईला फझ म्हणतात. मूळ मर्यादा २ असते, म्हणजे तीनपैकी बदलाला चिकटलेली एकच ओळ जुळली तरी हंक लागतो. जिथे त्याच त्या रचनेच्या ओळी पुन्हा पुन्हा येतात, जसं लांबलचक सेटिंगची फाइल किंवा एकाखाली एक असलेली सारखी फंक्शनं, तिथे बदल चुकीच्या जागी बसू शकतो. आणि आज्ञा 'सक्सीडेड' म्हणते.

गिट अप्लाय ओळींचं मागेपुढे सरकणं चालवून घेतं, पण संदर्भ पूर्ण जुळलाच पाहिजे असा आग्रह धरतं. शिवाय एक हंक जरी नाकारला गेला तरी ते कोणत्याच फाइलला हात लावत नाही. पॅच आज्ञा लागेल तेवढं लावून बाकीचं बाजूला ठेवते आणि आपण अर्धवट अवस्थेत उरतो. कोडसाठी पहिली वागणूक बरी. पॅच आज्ञाच वापरायची तर '--ड्राय-रन' आणि '--फझ=०' लावून सुरुवात करावी. पॅच उलटा किंवा आधीच लावलेला दिसतो, '-आर' धरू का, असं तिने विचारलं तर घाईत होकार देऊ नये. होकाराने आधी लागलेला बदल उलटा काढला जातो.

सुरुवातीला पाहिलेली गिटची इंडेक्स ओळ इथे उपयोगी पडते. तिच्यातला जुन्या मजकुराचा ओळखक्रमांक आपल्या रेपोत सापडला तर 'गिट अप्लाय --३वे' तो मूळ मजकूर काढून रीतसर मर्ज करतं, म्हणजे दोन्हीकडचे बदल एकत्र करतं, आणि जिथे दोन बदल एकमेकांशी भांडतात तिथे नेहमीच्या खुणा ठेवतं. सबव्हर्जनच्या पॅचमध्ये हा क्रमांक नसतो, म्हणून तिथे ही सोय मिळत नाही.

"आता सगळे गिटवरच आहेत ना?"

बरेचसे आहेत. कोड ठेवायची सेवा देणाऱ्या बिटबकेटने २०२० मध्ये मर्क्युरिअल बंद केलं, जावाचा मुक्त प्रकल्प ओपनजेडीके त्याच वर्षी गिटवर आला, आणि फायरफॉक्स ब्राउझरचं काम मर्क्युरिअलवरून गिटवर नेण्याची घोषणा मोझिलाने नोव्हेंबर २०२३ मध्ये केली. पण प्रकल्प हलला तरी त्याच्या बगच्या नोंदींना चिकटलेले जुने पॅच जुन्याच रूपात राहतात. कुणीतरी सहा वर्षांपूर्वीची दुरुस्ती शोधून काढतं आणि ती 'डिफ -आर' ने सुरू होते. डेबियनसारखी लिनक्सची वितरणं आपले बदल पॅच फाइलींच्या रूपातच बाळगतात. लिनक्स कर्नलचं काम आजही ईमेलवरच्या पॅचांवर चालतं. आणि ज्या यंत्राला सुरक्षेमुळे बाहेरचं नेटवर्कच नाही, तिथे बदल फाइलीनेच न्यावा लागतो.

अनोळखी पॅच हातात आल्यावर

आधी वरच्या ओळी वाचून घर ओळखा. मग 'गिट अप्लाय --स्टॅट' किंवा 'एलएसडिफ' चालवून त्यात कोणत्या फाइली आहेत ते पाहा आणि पत्ते आपल्या रेपोशी ताडा. '-पी' किती हवा ते इथेच ठरतं. पत्ते विचित्र असतील, जसे परफोर्सचे, तर 'फिल्टरडिफ'च्या '--स्ट्रिप' आणि '--ॲडप्रीफिक्स' या पर्यायांनी ते एकदाच सरळ करून घ्या. नवी ब्रँच, म्हणजे कामाची वेगळी फांदी, काढा, 'गिट अप्लाय --चेक' म्हणा. ते गप्प राहिलं तर लावा. लावून झाल्यावर किती फाइली बदलल्या ते 'गिट स्टेटस'मध्ये मोजा आणि पॅचमधल्या आकड्याशी जुळवा. न बोलता गाळल्या गेलेल्या फाइली या मोजणीतच सापडतात.

पॅचमध्ये तिहेरी ॲट चिन्हं आणि 'डिफ --सीसी' दिसलं तर थांबा. तो मर्ज कमिटचा, म्हणजे दोन ब्रँच जोडणाऱ्या कमिटचा, तिच्या दोन्ही पालकांशी (आधीच्या दोन कमिटशी) एकाच वेळी तुलना करणारा डिफ आहे. तो वाचण्यासाठी असतो, लावता येत नाही. पाठवणाऱ्याकडून एका पालकाशी तुलना केलेला डिफ मागवा.

पॅच अनोळखी माणसाकडून आला असेल तर त्याचं रूपही तपासा. फार जुन्या पद्धतीत शुद्धिपत्राऐवजी ईडी या एडिटरच्या आज्ञा लिहिलेल्या असत आणि जीएनयू पॅच त्या ईडीकडे सोपवत असे. अशा फाइलमधून यंत्रावर हवी ती आज्ञा चालवता येते हे २०१८ मध्ये उघड झालं आणि ते छिद्र नंतर बुजवलं गेलं. अधिक-वजा चिन्हं नसलेला पॅच न लावलेलाच बरा.

आणि एखादा हंक नाकारलाच गेला तर पॅच आज्ञा तो '.रेज' शेवट असलेल्या फाइलमध्ये ठेवते. गिटला त्यासाठी '--रिजेक्ट' सांगावं लागतं. ती फाइल उघडा, वजाच्या ओळीतला एखादा वेगळा शब्द घेऊन मूळ फाइलमध्ये शोधा. बहुतेक वेळा शेजारची एखादी ओळ मधल्या काळात बदललेली आढळते. बदल हाताने करा, '.रेज' पुन्हा एकदा ओळीने ताडून पाहा आणि मगच ती पुसा. पॅच आज्ञेने शेजारी '.ओरिज' फाइलीही ठेवल्या असतील. 'गिट क्लीन -एन' त्या काहीही न पुसता नुसत्या दाखवतं, म्हणजे त्या कमिटमध्ये जाणार नाहीत.